ठेवून जाणारा चोर

रोशेत गावात लेआँस पेरारच्या घरी अंड्यांवर तारखा असत. कोंबडीनं अंडं घातलं की तो कानामागची शिसपेन्सिल काढून आधी त्याच्यावर तारीख टाकी, मगच ते स्वयंपाकघरात जाई. अंडी चोरणारा माणूस या कड्याखालच्या गावात गेल्या तीन पिढ्यांत जन्माला आलेला नव्हता. पण लेआँसचं म्हणणं असं, की न जन्मलेला चोरच जास्त वाईट, कारण त्याचं तोंड कुणाला माहीत नसतं.

पोस्टमननं पत्र दिलं की तो पाकिटाच्या कडेला जीभ लावून बघे, डिंक दुसऱ्यांदा लावलाय की काय म्हणून. चर्चमध्ये पापांची कबुली द्यायला गेला तरी दोन पापं राखून ठेवी. सगळीच देऊन टाकली तर पाद्रीबुवा पुढं त्यांचं काय करतील याची हमी कोण देणार? चार वर्षं पहिल्या महायुद्धाच्या खंदकात काढून तो एकोणीस साली परत आला आणि त्याच वसंतात त्यानं ओदिलशी लग्न केलं. ओदिल सांगायची, लग्नाच्या अंगठीला यानं चर्चच्या पायरीवरच दात लावून बघितला होता. अंगठी स्वतःच आणलेली, तरी.

आता असल्या माणसाला देवानं धंदा कुठला द्यावा? जगात सगळ्यात जास्त भरवसा लागतो तो. पिवळ्या वाईनीचा.

लेआँसचा मळा उभ्या उतारावर होता, बकरीनंसुद्धा दोनदा विचार करून चढावं असा. त्यातली बरीचशी द्राक्षं तो विकून टाकी. पण वरच्या अंगाच्या सात ओळी मात्र साव्हान्याँ द्राक्षाच्या, त्या घरच्या. त्यांची वाईन एका पिंपात भरायची, बूच ठोकायचं, आणि सहा वर्षं तीन महिने त्याला हात लावायचा नाही. ढवळायचं नाही, हलवायचं नाही, उघडून बघायचंही नाही. पिंपाच्या लाकडातून वाईन थोडी थोडी उडून जाते, वर पोकळी होते, आणि त्या पोकळीत वाईनीवर दुधासारखी साय धरते. ती साय खालच्या वाईनीला राखते. तिच्याखाली वाईन पिवळी होत जाते आणि तिला अक्रोडाचा वास चढतो. साय मोडली तर सहा वर्षांची वाईन आंबून शिर्का होते.

हात लावायचा नाही, पण पहारा तर ठेवता येतो. दर बावीस जानेवारीला, द्राक्षवाल्यांच्या संताच्या सणादिवशी, लेआँस तळघरात उतरे आणि पिंपाच्या तोंडावर बोटाच्या पेरानं ठोकत ठोकत खाली येई. पोकळीवर आवाज 'ढब' असा, वाईनीवर 'ठक' असा. जिथं ढबचं ठक होई तिथं तो खडूनं रेघ मारी आणि साल लिही. बासष्टच्या हंगामात भरलेल्या पिंपावर अशा पाच रेघा झाल्या होत्या, जिन्याच्या पायऱ्यांसारख्या, एकीखाली एक. तळघराच्या दाराला कुलूप, आणि कुलपाच्या वर चौकटीला काळा दोरा, दोन गाठींचा.

हे पिंप त्याच्यासाठी शेवटचं होतं म्हणा ना. एकोणसत्तरच्या एप्रिलात त्याच्या नि ओदिलच्या लग्नाला पन्नास वर्षं होत होती, आणि हिशेबानं पिंपाची मुदत त्या आधीच जानेवारीत संपत होती. त्या दिवशी गावाला जेवायला बोलवायचं, रानअळंबी घालून याच वाईनीत कोंबडा शिजवायचा, हीच ताटाबरोबर वाढायची, असं त्यानं पिंप भरलं तेव्हाच ठरवलेलं. हे फसलं तर पुन्हा सहा वर्षं कुणी पाहिलीत? त्र्याहत्तरीत माणूस पिंपावर विश्वास ठेवील, पण स्वतःवर नाही.

त्याला एकच मुलगी, क्लोतिल्ड. तिनं नवरा केला तो बर्गंडीचा. जेर्व्हे त्याचं नाव. डोंगराच्या पश्चिमेला तीन तासांवरचा मुलूख, पण लेआँसच्या लेखी तो समुद्रापलीकडचा होता. जेर्व्हेचं घराणंही वाईनवालंच, पांढऱ्या वाईनीचं. माणूस उमदा, हात कामाचा, पण पहिल्याच जेवणाला त्यानं घात केला. समोर अठरा महिने मुरलेलं चीज, अक्रोड, आणि काचेच्या पेल्यात लेआँसची पिवळी वाईन. जावयानं वास घेतला, एक घोट घेतला, आणि फार अदबीनं विचारलं, "बाबा, ही बाटली जरा जास्त दिवस उघडी राहिली का?"

गावातला चीजवाला ओक्ताव्ह तेव्हा टेबलावर होता. लेआँसचा शाळेपासूनचा सोबती. तो सांगतो की त्याच्या सुरीवरचा चीजचा तुकडा परत ताटात पडला.

तेव्हापासून दोन घरांत ताटांची लढाई जुंपली. जेर्व्हे येताना आपल्या बापाची पांढरी वाईन आणि लोण्यात लसूण घालून भाजायच्या गोगलगाई आणी. लेआँस म्हणे, ही वाईन म्हणजे इस्त्री केलेला सदरा, आत माणूस नाही. जेर्व्हे हसून म्हणे, तुमची म्हणजे नुसता माणूस, सदराच नाही. ओदिलला दोघंही आवडत. ती गोगलगाईही खाई आणि चीजही.

सदुसष्टच्या नोव्हेंबरात लेआँसचं आतडं उतरलं आणि त्याला शहरातल्या इस्पितळात न्यावं लागलं. तीन आठवडे. तिथं त्यानं काय काय केलं ते वेगळं पुराण आहे. शेजारच्या खाटेवर अल्सासचा एक म्हातारा होता, तो दिवसभर आंबवलेल्या कोबीच्या आणि डुकराच्या मांसाच्या गोष्टी सांगे आणि त्यावर त्यांच्याकडची रीसलिंग वाईनच हवी म्हणे. लेआँसला वाटलं, याला डॉक्टरांनी मुद्दाम बसवलाय, आपली भूक किती आहे ते काढून घ्यायला. त्यानं तीन आठवडे भूकच कबूल केली नाही, आणि किलोभर वाळून घरी आला.

इकडे ओदिलच्या मदतीला जेर्व्हे येऊन राहिला होता. क्लोतिल्डला तिकडे शाळेत शिकवायचं असे, म्हणून तो एकटाच आला. लाकडं फोडली, छपराची कौलं बदलली, तळघरातून बटाटे आणून दिले. लेआँसनं जाताना किल्ली ओदिलला दिली होती, फार जड मनानं.

घरी आल्यावर कोट न काढताच तो तळघराशी गेला. दोरा होता, पण एका गाठीचा. खाली उतरला, पिंपापुढं बसला, पेरानं ठोकलं. ढब, ढब, ढब, ठक.

ठक फार वर आला होता. त्यानं पुन्हा ठोकलं. सदुसष्टची रेघ वाईनीच्या खाली गेली होती. सहासष्टचीही. वाईन पासष्टच्या रेघेवर उभी होती.

आयुष्यभर त्यानं चोराची वाट पाहिली होती. पातळी खाली गेली असती तर त्याला रागाबरोबर एक समाधानही झालं असतं, की बघा, मी म्हणत नव्हतो? पण हा कसला चोर? चोर घेऊन जातो. हा ठेवून गेला होता.

पिंपाच्या तोंडाला खालच्या बाजूला नमुन्यासाठी एक बारीक तोटी असते. वर्षातून एकदा तिथून अंगठाभर काढून पाहायला हरकत नसते, सायीला धक्का लागत नाही. त्यानं काढली, चाखली. पाणी असतं तर मेलेली लागली असती. तशी नव्हती. आत आपलीच होती, पण तिच्या शेजारी कुणी परकी बाई येऊन बसावी तसं काहीतरी होतं, मऊ, लोण्याच्या अंगाचं.

आता त्यानं सरळ विचारावं की नाही? पण सरळ विचारणं म्हणजे चोराला सावध करणं. त्यानं मनाशी गुन्हा असा मांडला: कुणीतरी भरपूर प्यायलं, आणि घाबरून दुसरं काहीतरी ओतून ठेवलं. मग प्यायलं कुणी? माणूस खोटं बोलतो, ताट बोलत नाही. पिवळी वाईन कुणी नुसती पीत नाही, तिला सोबत लागते. सोबतीचा माग काढला की चोर सापडणार.

त्यानं परसातला उकिरडा काठीनं उकरला. दोन डझन गोगलगाईंचे शंख निघाले. ते जावयाचे, त्यांच्यावर पिवळी चालत नाही. पण त्याखाली अक्रोडाची टरफलं निघाली, आणि ओक्ताव्हच्या चीजचा कागद, दोनदा. तो सरळ ओक्ताव्हच्या दुकानात गेला.

"जावयानं कुठलं चीज नेलं?"

"कुठलं म्हणजे? चांगलं."

"किती महिन्यांचं ते सांग."

ओक्ताव्हनं हात पुसले. "अठरा. अर्धा किलो. नंतर पुन्हा तेवढंच. का रे लेका, इस्पितळात चीजची चौकशी करायची नोकरी धरलीस का?"

लेआँस म्हणाला, चार महिन्यांचं नेलं असतं तर मी समजलो असतो, ते पोर पाण्याबरोबरही खातं. पण अठरा महिन्यांचं, वर अक्रोड, आणि घरात मी नाही. माणूस त्यावर काय पितो? ओक्ताव्ह म्हणाला, लाळ पितो. मग लेआँसनं त्याच्या नाकाकडे निरखून पाहत विचारलं, की तू त्या आठवड्यांत आमच्याकडे किती वेळा आलास. त्यावर ओक्ताव्हनं काउंटरची फळी उचलून त्याला दार दाखवलं. साठ वर्षांच्या दोस्तीत हे तिसऱ्यांदा.

ओदिलची उलटतपासणीही झाली. ती म्हणाली, आम्ही सूप प्यायलो, गोगलगाई खाल्ल्या, चीज खाल्लं, तुझ्या नावानं मेणबत्ती लावली, आणि तू नसल्यानं शांत झोपलो. यातलं तुला काय परत हवंय?

डिसेंबरातल्या पहिल्या रविवारी क्लोतिल्ड आणि जेर्व्हे आले. लेआँसनं सापळा लावून ठेवला होता. ओदिलनं ट्राउट मासा केला होता, तिच्या नेहमीच्या सॉसमध्ये. तो सॉस असा, की लेआँस दर वेळी पावानं ताट पुसून घेई आणि म्हणे, जगात एवढ्याच गोष्टीवर माझा संशय नाही. मासा झाला. चीज आलं. लेआँस उठला, आतून एक पेला घेऊन आला आणि जावयापुढं ठेवला. त्या पिंपातलीच होती. डोळे जावयाच्या तोंडावर. बिचकतो का, लाल होतो का, पेला लोटतो का.

जेर्व्हेनं वास घेतला. घोट घेतला. आणि त्याचा चेहरा लहान पोरासारखा उजळला.

"आमची आहे यात," तो म्हणाला. "ओळखली. सुधारली ना, बाबा?"

क्लोतिल्डनं काटा खाली ठेवला. "जेर्व्हे, काय केलंस?"

त्यानं जे केलं ते त्यानं मोठ्या प्रेमानं सांगितलं. बटाटे आणायला तळघरात गेलो, बूच काढून बघितलं, तर पिंप वीतभर रितं. म्हातारा इस्पितळात आणि पिंपाकडे बघायला कुणी नाही. आमच्याकडे दर आठवड्याला पिंप काठोकाठ भरतात. रितं पिंप दिसलं तर शेजारी विचारतात, घरात कुणी गेलं का. बापानं मला चालायला शिकवायच्या आधी पिंप भरायला शिकवलंय. मग बापानं केलेल्या शेवटच्या, पंचावन्न सालातल्या वाईनीतली थोडी घरून आणली. वीस लिटर. बूच काढून फनेलानं हळूच ओतली. "तुम्हाला सांगायचं नव्हतं. तुम्ही घरी येऊन ठोकाल, आणि बरं वाटेल तुम्हाला, म्हणून. पुरली नाही हो. उरलेली नाताळला आणणार होतो, पण म्हटलं उशीर कशाला. दोन बुधले आहेत गाडीत."

मग क्लोतिल्डनं हळू आवाजात त्याला सायीचं सांगितलं. दोन वर्षं संसार झाला होता आणि ही एक गोष्ट तिनं सांगितली नव्हती, कारण तिच्या लेखी ती श्वास घेण्यासारखी होती, ती कुणी सांगतं का? जेर्व्हेच्या तोंडावरचा रंग उतरत गेला.

लेआँस तळघरात गेला. पाच वर्षांत पहिल्यांदा त्यानं बूच काढलं आणि भोकाशी दिवा धरला. साय फाटली होती. फुटकळ तुकडे तरंगत होते, आणि मधून वाईन काळी, उघडी दिसत होती. त्यानं बूच परत बसवलं, वर आला, आणि म्हणाला, "जेवण पुरं करू या."

आठ दिवस तो तळघराकडे फिरकला नाही. नवव्या दिवशी त्यानं शिर्क्याचे माठ धुवायला काढले. ओदिल दारात येऊन उभी राहिली.

"ओतून टाकतोस?"

"बाटली उघडली की बाटली संपते. पिंपाला हात लागला की पिंप संपतं. चाळीस वर्षांत माझ्या एका पिंपाला कुणाचा हात लागला नव्हता."

"लागला होता."

लेआँसनं माठ खाली ठेवला.

"माझा," ओदिल म्हणाली. "त्या बारीक तोटीतून. ईस्टरला एक पेला, नाताळला एक, तुझ्या वाढदिवसाला एक, आणि ट्राउट आला की. दरसाल एक बाटली देतोस मला स्वयंपाकाला. एका बाटलीत वर्षाचे किती सॉस होतात, मोजलंस कधी? अंडी मोजलीस म्हाताऱ्या, तेवढं नाही मोजलंस."

"किल्ली तर माझ्याकडे असते."

"खिसा तर मी धुते."

"आणि दोरा?"

"दोन गाठींचा. जेर्व्हेला ठाऊक नव्हतं, मला चाळीस वर्षं ठाऊक आहे."

लेआँस पायरीवर बसला. संशयाच्या सगळ्या वाटा त्यानं फिरून पाहिल्या होत्या. पोस्टमन, पाद्री, ओक्ताव्हचं नाक. आणि चोरीचा माल दर सणाला तो स्वतः पावानं पुसून खात आला होता. खडूची प्रत्येक रेघ तो हवेच्या नावानं मांडत होता. त्यातली किती हवेची आणि किती ओदिलची, आता कोण सांगणार?

"म्हणजे हात न लागलेलं पिंप असं माझं कधी नव्हतंच," तो म्हणाला.

"ते तू म्हणायचास. मी कधी म्हटलं होतं?"

दुपारी त्यानं माठ परत माळ्यावर टाकले. मग जेर्व्हेला निरोप पाठवला, रिकामा बुधला घेऊन ये. दोघांनी मिळून तोटीतून वीस लिटर वाईन काढली, थेंबाथेंबानं, वरचं काही हलू न देता. पातळी सदुसष्टच्या रेघेखाली आली, पोकळी परत मिळाली. लेआँसनं बूच बसवलं आणि म्हणाला, आता उन्हाळ्याशिवाय कळायचं नाही. जेर्व्हे काहीतरी बोलणार होता, तर लेआँसनं त्याला पेरानं ठोकायला लावलं. ढब आणि ठक यातला फरक त्याला दहाव्या खेपेला कळला. काढलेली वाईन, ना इकडची ना तिकडची, ओदिलनं हिवाळाभर गोगलगाईंबरोबर संपवली. ओक्ताव्हनं तिला हातभार लावला, पण लेआँस खोलीत नसताना.

तळघरात ऊब आली की सायीला वाढ येते. अडुसष्टच्या जूनमध्ये लेआँसनं एकदाच दिवा धरला. पांढरी, पातळ साय पिंपभर पसरली होती, दुधावर फुंकर मारल्यावर पडाव्यात तशा तिला सुरकुत्या होत्या. तो ओदिलला काही बोलला नाही. पण त्या दिवशीच्या अंड्यांवर तारखा टाकायच्या राहून गेल्या, म्हणून तिला समजलं.

एकोणसत्तरच्या एप्रिलात अंगणात टेबलं मांडली. पिवळ्या वाईनीची बाटली वेगळी असते, ठेंगणी, रुंद खांद्यांची. त्या बाटलीत भरणं म्हणजे गावासमोर शपथ घेणं. लेआँसनं त्या बाटल्या धुऊन ठेवल्या होत्या, पण आदल्या दिवशी त्या परत पेटीत घातल्या आणि वाईन सरळ मातीच्या सुरयांत काढली. कोंबडा आला, दुधाच्या सायीच्या दाट रश्शात, त्या आठवड्यात कड्याखाली सापडलेल्या रानअळंब्यांसकट. पेले भरले. सगळ्यांनी ओक्ताव्हकडे पाहिलं, कारण चीज त्याचं आणि जीभही त्याचीच.

ओक्ताव्हनं घोट घेतला, चीजचा तुकडा खाल्ला, पुन्हा घोट घेतला. मग डोळे बारीक करून लेआँसकडे पाहिलं. "यात काहीतरी आहे."

तीस माणसं लेआँसकडे बघायला लागली. दुसऱ्यांच्या तोंडांवर जे शोधण्यात त्याचा जन्म गेला, ते आज सगळे त्याच्या तोंडावर शोधत होते. वीस लिटर काढून टाकले तरी मिसळलेलं सगळं थोडंच निघतं? टेबलाच्या टोकाला जेर्व्हे मान खाली घालून बसला होता.

"आहे," लेआँस म्हणाला. "जावईबापूंच्या बापाची आहे. थोडीच आहे, पण आहे. आणि माझी जी कमी झाली, ती ओदिलनं चाळीस वर्षं माशाला पाजली. म्हणून सुरईत आणली. बाटली खोटं बोलली असती."

ओक्ताव्हनं पेला उजेडात धरला. "चोराच्या हाताला चव आहे," तो म्हणाला, आणि पेला पुढं केला, भरायला. मग लोक हसले आणि कोंबड्याकडे वळले. जेर्व्हेनं रश्शाचा घास घेऊन वर घोट घेतला आणि जरा थांबला. "बाबा, कोंबड्याबरोबर ही वेगळीच बोलते हो." त्यानं तीनदा वाढून घेतलं. लेआँसनं मोजलं.

त्या पानगळीत लेआँसनं पुन्हा एक पिंप भरलं, पंचाहत्तरीला टेकत असताना. लोक म्हणाले, कुणासाठी? तो म्हणाला, ते पिंपाला विचारा. पुढच्या बावीस जानेवारीला जेर्व्हे सणाला आला होता. लेआँसनं त्याला दिवा धरायला लावला, ठोकलं, खडूनं रेघ मारली, साल लिहिलं. मग तिच्याखाली बोटभर जागा सोडून एक छोटी रेघ मारली आणि तिच्यापुढं लिहिलं, ओदिल.

मग जावयाला आधी वर पाठवलं, कुलूप लावलं, आणि दोरा बांधला. तीन गाठींचा. अंगणातून जाताना जेर्व्हेच्या मोटारीच्या मागच्या काचेतून तो वाकून आत बघायला चुकला नाही. बुधला होता. रिकामा. लेआँसला तेच जास्त संशयास्पद वाटलं.